मेघना रविवार

रामचंद्र राऊतांचा मोबाइल दानात गेला, ही गोष्ट त्यांचं तेरावं उरकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला उघडकीला आली. तोवर सगळ्यांची समजूत होती, की तो देवघराखालच्या खणात आहे. खणात चष्म्याचं रिकामं घर होतं, रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी होती, तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर होतं. मोबाइल नव्हता.

"आई, आबांचा फोन कुठाय?" मेघनानं विचारलं.

"खणात," सावित्रीबाई अंगणातून म्हणाल्या.

"खणात नाही."

"मग आत्याला विचार. बाराव्याचं सगळं तिनंच काढलंय."

आत्या ओटीवर बसून तांदूळ निवडत होत्या. केळव्याहून आल्या होत्या त्या भावाला शेवटचं बघायला, आणि आल्या तशा घराचा ताबा घेऊन बसल्या होत्या. सुपातली नजर वर न काढता त्या म्हणाल्या, "तो दिला की."

"दिला? कुणाला?"

"गुरुजींना. गादी, छत्री, चपला, काठी, तांब्या दिला ना, त्यातच ठेवला. माणूस जे वापरतो ते द्यायचं असतं. दादानं छत्री वापरली वर्षाचे चार महिने. फोन बारा महिने."

यात चूक काढायला जागा नव्हती. मेघनानं तरी काढली. "आत्या, त्या फोनवर मोटर चालते."

"कसली मोटर?"

"वाडीची. पाण्याची."

आत्यांनी सूप खाली ठेवलं. फोनवर माणसं बोलतात एवढं त्यांनी मान्य केलं होतं, फोनवर भाजी मागवतात हेही. पण फोनवर बावखलातलं, म्हणजे वाडीतल्या तळ्यातलं, पाणी चढतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

खरं म्हणजे ते निर्मळ गावात आता कुणालाच नवीन नव्हतं. तीन वर्षांपूर्वी रामचंद्रांचे गुडघे गेले, तेव्हा गॅब्रिएलनं त्यांच्या मोटरीला सिम कार्डचा डबा बसवून दिला होता. गॅब्रिएल शेजारच्या वाडीचा मालक आणि आसपासच्या सगळ्या मोटरींचा डॉक्टर. लाइट आली की तो डबा आपणहून रामचंद्रांना फोन करी आणि आतली बाई सांगे, की लाइट आली. मग रामचंद्र उलट फोन लावत; एकदा लावला की मोटर सुरू, पुन्हा लावला की बंद. डब्यावर एक हातानं दाबायचं बटणही होतं. ते खाऱ्या हवेनं पहिल्याच पावसाळ्यात गंजलं. गॅब्रिएल बदलायला आला, तर रामचंद्र म्हणाले, "बटण कशाला? फोन आहे ना." आणि डबा ऐकायचा तो एकाच नंबराचं.

तेरा दिवस वाडीला पाणी गॅब्रिएलनं आपल्या बावखलातून पाइप टाकून दिलं होतं. सुतकाच्या घरात विचारायचं नसतं, ते करून टाकायचं असतं. आज सकाळी मात्र तो कुंपणापाशी येऊन, टोपी हातात धरून उभा राहिला होता. "मेघनाबाय, माझं बावखल तळाला गेलं. आता चिखल येतोय पाइपातून. तुमच्यात पानी हाय. तुमची मोटर लावा."

एप्रिल महिना होता. वाडीत केळी होती, ती दोन दिवस दम धरतील. तगर, जास्वंद धरतील. पण बावखलाकडच्या बाजूला मोगऱ्याची दोनशे रोपं होती. ती रामचंद्रांनी फेब्रुवारीत, गुडघ्याला पट्टा बांधून, स्वतः लावली होती. मेघनाला त्यांनी तेव्हा एका रोपाचा फोटो पाठवला होता. फोटोखाली लिहिलं होतं, 'पहिलं.' मेघनानं तो ऑफिसात बघितला होता. निळ्या खुणा उमटल्या होत्या. संध्याकाळी लिहू असं म्हणून तिनं फोन पालथा ठेवला होता, आणि दोनशेवं रोप लावून झालं तरी ती संध्याकाळ आली नव्हती. साहेबाच्या निरोपाला ती अर्ध्या मिनिटात उत्तर देत असे.

ती राहायची विरारला. स्कूटरवरून चाळीस मिनिटं.

"ती रोपं आज दुपारपर्यंत," गॅब्रिएल म्हणाला, आणि टोपी हातात फिरवत राहिला.

"नवा डबा?"

"मागवतो. पण यायला आठ-दहा दिवस. जुन्यात तुमचा नंबर घालता येतो, दोन मिन्टांचं काम. पण तो मेसेज जायला लागतो जुन्या नंबरावरनं. रामभाऊंच्या फोनवरनं."

म्हणून खण. म्हणून आत्या.

मेघनानं वडिलांचा नंबर लावला. बंद होता. इस्पितळात शेवटच्या दिवशी त्याची बॅटरी संपली, ती कुणी भरलीच नव्हती. मग गुरुजींचा नंबर लावला. तोही बंद. गुरुजी राहायचे मनवेलपाड्यात. पूजेला बसताना ते फोन बंद ठेवत, आणि एप्रिलमध्ये ते सकाळी सहापासून पूजेलाच बसलेले असत.

"मी जाते मनवेलपाड्याला. फोन परत आणते."

"परत?" आत्या उभ्या राहिल्या. "दान परत आणतेस? अगं, दिलेल्या दानाकडे वळून बघत नाहीत, आणि तू मागायला निघालीस? दादा तिकडे वाटेवर असेल. हातातली वस्तू काढून घेतली तर माघारी फिरेल तो!"

"आत्या, मोगरा मरेल."

"माणूस गेला, आता मोगऱ्याचं काय घेऊन बसलीस!"

यावर मेघनाकडे उत्तर होतं, पण ते सांगता येण्यासारखं नव्हतं. तेरा दिवस लोक येत होते, आणि प्रत्येक जण तिला एकच गोष्ट ऐकवत होता. "तुझ्यासारखी मुलगी नाही हो. दिवसातनं तीन-तीनदा फोन करायचीस बापाला." तलावावरच्या बाकावर बसणारे झाडून सगळे म्हातारे हे म्हणून गेले होते. मंदिराचे पुजारी म्हणाले. फुलांच्या गाडीवाला म्हणाला, "आमची पोरगी घरात राहून एवढं बोलत नाय." मेघना रविवारी फोन करत असे. प्रत्येक रविवारी नाही. पहिल्यांदा तिला वाटलं, सांत्वनाला येताना माणसं असं काहीतरी चांगलं बोलतातच. पाचव्यांदा ऐकल्यावर तिनं आईकडे बघितलं, तर आई चहाचे कप गोळा करायला उठून गेली. मग मेघनानं खोडून काढायचं सोडून दिलं, आणि न केलेल्या फोनांचं कौतुक मान खाली घालून ऐकत राहिली.

तेव्हा मोगरा. निदान मोगरा.

स्कूटरची किल्ली घेऊन ती अंगणात आली, आणि वाडीतून घरघर ऐकू आली. गॅब्रिएलनं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

मोटर सुरू झाली होती.

पन्हळीतून पाणी धावायला लागलं. सावित्रीबाई ओटीच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. आत्यांचा पाय सुपाला लागून तांदूळ सांडले. "सांगितलं नव्हतं मी? नुसतं परत आणते म्हणालीस, तर आला!"

"आत्या, काहीतरी बिघाड असेल."

"बिघाड नाय," गॅब्रिएल म्हणाला. तो धार्मिक होता, पण मोटरीच्या बाबतीत खोटं बोलत नसे. "तो डबा रामभाऊंशिवाय कुणाचं ऐकतच नाय."

तेवढ्यात मोटर बंद पडली. अर्ध्या मिनिटानं सुरू झाली. पुन्हा बंद. पुन्हा सुरू.

"चिडलाय," आत्या कुजबुजल्या. "लहानपणापासनं तसाच. चिडला की दार उघड-बंद करायचा."

मेघना वडिलांचा नंबर लावत होती. या वेळी रिंग गेली. म्हणजे फोन भरलेला होता, चालू होता, कुणाच्या तरी हातात होता. पूर्ण रिंग वाजून थांबली. तिनं पुन्हा लावला. सहा वेळा लावला. कुणी उचलला नाही. आणि मोटर आता थांबायला तयार नव्हती. तासाभरात मोगऱ्याचे वाफे भरले, मग ओसंडले. वाचवायची म्हणून ज्या रोपांकडे ती सकाळपासून डोळे लावून बसली होती, ती घोटाभर पाण्यात उभी राहून डुलायला लागली. गॅब्रिएल फावडं घेऊन बांध फोडत होता, मेघना सलवार खोचून हातांनी चिखल उपसत होती, आणि आत्या ओटीवरून हात जोडून ओरडत होत्या, "दादा, पुरे! पोचलं रे पाणी!"

"मेन स्विच पाडा ना, गॅब्रिएलकाका!"

"पाडतो. पन पाडला आणि पुन्ना वर केला, तर सुरू कोन करनार?"

ते बांध फोडत राहिले.

साडेअकराला मोटर आपणहून थांबली. सव्वाबाराच्या सुमाराला फाटकाशी स्कूटर वाजली, आणि गुरुजी आले. कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं, हातात रामचंद्रांचा मोबाइल. ते थेट मेघनाकडे आलेच नाहीत. चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेल्या मेघनाकडे त्यांनी लांबून एकदा बघितलं, मान हलवली आणि सावित्रीबाईंना ओटीच्या कोपऱ्यात बोलावलं.

"वहिनी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मुलीकडे लक्ष द्या."

"का हो? काय झालं?"

"दुःख असतं. एकुलती एक, बापाची लाडकी. दिवसातून तीनदा फोन करायची, सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण आता..." त्यांनी आवाज आणखी उतरवला. "आता मला करते."

"तुम्हाला?"

"या फोनवर. काल रात्री भरायला लावला, आज सकाळी निघताना चालू केला. माझं सिम अजून घातलं नाही, म्हटलं आधी वापरून बघू, म्हणून पिशवीत टाकला. सकाळी मनवेलपाड्यात सत्यनारायण सांगतोय, तिसरा अध्याय, आणि फोन वाजला. नाव आलं मेघना. म्हटलं घ्यावा, सुतकाचं घर आहे. तर ही म्हणते, 'वीजपुरवठा सुरू झाला आहे. मोटर बंद आहे.'"

सावित्रीबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"आवाज तिचा नाही. सपाट. भाव नाही त्यात काही. मी म्हटलं, ताई, शांत व्हा, मी गुरुजी बोलतोय. फोन ठेवला तिनं. मला राहवेना. मी उलट लावला. उचलला नाही, कट झाला. लगेच तिचा आला, 'मोटर चालू झाली आहे.' मी पुन्हा लावला. 'मोटर बंद झाली आहे.' पाच वेळा, वहिनी! यजमान तसेच हात जोडून बसलेत. शेवटी साडेअकराला, दुसऱ्या घरी तिसऱ्याच अध्यायात, म्हणाली, 'पाण्याची पातळी कमी आहे. मोटर बंद करण्यात येत आहे.'" गुरुजींनी उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं. "मी ओळखलं, आता हिचं काही खरं नाही. प्रसाद न घेता निघालो."

गॅब्रिएल फावड्यावर रेलून उभा होता. त्याचे खांदे हलायला लागले होते. आत्या एकदा गुरुजींकडे, एकदा वाडीकडे बघत होत्या, आणि भाऊ परत आला नव्हता हे कळल्यावर सुटले म्हणावं की वाईट वाटून घ्यावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"गुरुजी," मेघना पायरीपाशी येऊन म्हणाली, "मी सकाळपासून सहा वेळा फोन केला. तुम्ही उचलला नाहीत."

"उचलला! प्रत्येक वेळी उचलला!"

त्याच क्षणी त्यांच्या हातातला फोन वाजला. गुरुजींनी पडद्याकडे बघितलं. मग समोर उभ्या असलेल्या मेघनाकडे बघितलं. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात होते आणि तिचा स्वतःचा फोन तुळशीच्या कट्ट्यावर पडलेला होता.

पडद्यावर नाव होतं: मेघना.

गुरुजींनी एका बोटानं तो उचलला, आणि चुकून की भीतीनं, स्पीकर दाबला. ओटीभर एका बाईचा स्वच्छ, निर्विकार आवाज पसरला. "वीजपुरवठा खंडित झाला आहे. धन्यवाद."

गॅब्रिएल आता उघड हसत होता, डोळे पुसत होता. "भटजी, ती मोटर हो! मोटर! सकाळपासून तुमी मोटरीचं सांत्वन करून ऱ्हायले!"

हसणं पसरलं. आत्यासुद्धा हसल्या, आणि सुतक संपून एकच दिवस झालाय हे आठवून तोंडावर हात धरला. गुरुजी पायरीवर बसले आणि कुणीतरी दिलेलं पाणी गटागटा प्यायले. "पण मग नाव मेघना का?"

मेघनानं हात धुतले आणि फोन घेतला. त्याला कुलूप नव्हतं. मातीत काम करून रामचंद्रांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या होत्या, फोन त्यांचं बोट ओळखत नसे. तिनं नावांची यादी काढली. मेघना या नावापुढे मोटरीतल्या सिमचा नंबर होता. रोज तीन फोन, कधी पाच. तिचा स्वतःचा नंबर त्याच्या खाली होता. त्याच्यावर सकाळपासूनचे सहा न घेतलेले फोन दिसत होते.

"हा मी पाहिला," गुरुजी मान लांबवून म्हणाले. "सारखा वाजत होता. पण आज बुधवार. मला वाटलं, रविवारसाठी काही आठवण लावून ठेवली असेल त्यांनी."

तिच्या नंबरासमोर लिहिलं होतं: मेघना रविवार.

आईकडे न बघता मेघनानं विचारलं, "तुला माहीत होतं?"

सावित्रीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तलावावर सगळे बसतात ना संध्याकाळचे. कुणाच्या पोराचा कॅनडातून फोन, कुणाचा दुबईतून. तोंडं दिसतात फोनमध्ये. यांचा वाजायचा तो हा मोटरीचा. एकदा कुणी विचारलं, पोरगी का? हे म्हणाले, हो. घरी आले तर तोंड एवढंसं झालेलं. म्हणाले, सावित्री, मी खोटं बोललो. दुसऱ्या दिवशी नाव बदलून आणलं. म्हणाले, आता खोटं नाही."

"आणि बोलायचे काय तिच्याशी?"

"बोलायचे काहीतरी. चारचौघांत नुसतं कानाला लावून कसं बसणार? ती म्हणायची लाइट गेली. हे म्हणायचे, असू दे, येईल. तू जेवलीस का?"

गॅब्रिएलनं टोपी घातली आणि उगाचच वाडीकडे बघितलं.

प्रश्न फोनचा उरला होता. आत्या त्या बाबतीत ढिम्म हलायला तयार नव्हत्या; दान परत घ्यायचं नाही. गुरुजीही आता तो जवळ ठेवायला तयार नव्हते; सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायात पाण्याची पातळी त्यांना पुन्हा ऐकायची नव्हती. शेवटी गॅब्रिएलनं तोडगा काढला. "दान फोनचं झालं, मोटरीचं नाय. मोटर काढून घ्या, फोन ऱ्हाऊ द्या." आत्यांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी शास्त्रात याला बाधा नसल्याचं जाहीर केलं. तशी अडचण शास्त्रात कधी आलेलीच नव्हती.

गॅब्रिएल सांगत गेला तसा गुरुजींनी आपल्या हातानं मेसेज लिहिला, संकल्प सोडावा तशा गंभीरपणे. मोटर मेघनाच्या नावावर झाली. मग गुरुजी एक एक नाव पुसायला लागले, आणि थांबले. "ताई, हे रविवारचं पुसू?"

"नको," मेघना म्हणाली. "राहू द्या. सिमही आठवडाभर राहू द्या, मग आमचं आम्ही बंद करू. रविवारी वाजेल एकदा. उचलू नका."

गुरुजींनी तो उपरण्यात गुंडाळला आणि जपून पिशवीत ठेवला.

मोगऱ्याची दोनशेतली एकशे साठ रोपं वाचली. चाळीस गेली ती उन्हानं नाही, पाण्यानं गेली.

पुढच्या आठवड्यात मेघना विरारच्या ऑफिसात परत रुजू झाली. मधल्या काळात तिच्या शेजारच्या टेबलावर रीमा नावाची नवी मुलगी आली होती. बडबडी, मनानं चांगली, आणि जिला कुणी काही सांगितलं नव्हतं अशी. मीटिंग चालू होती. साहेब पडद्यावर कसलासा नकाशा दाखवत होते. टेबलावर पालथा ठेवलेला मेघनाचा फोन थरथरायला लागला. तिनं तो उलटा केला, कानाला लावला, नीट शेवटपर्यंत ऐकला, आणि हळूच म्हणाली, "हो. जेवले." मग खाली घेऊन तोच नंबर परत लावला आणि ठेवून दिला. साहेब थांबून बघत होते. तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही.

रीमानं वाकून पडद्यावरचं नाव वाचलं होतं. "आबा म्हणजे पप्पा ना तुझे? सो स्वीट यार! सकाळपासून तिसरा कॉल. माझे पप्पा तर महिन्यातून एकदा करतात. तुझे रोज एवढे करतात?"

"हो," मेघना म्हणाली. "लाइट आली की करतात."